मदत हवी आहे: अडकलेलं डोकं सोडवायचं कसं?

नमस्कार मंडळी. मानसशास्त्रज्ञ लुचिन्स यांचा १९४२ सालचा पाण्याच्या भांड्यांचा प्रयोग परवा चार मित्रांवर करून पाहिला. भांडी २१, १२७ आणि ३ मापांची, मोजायचे १००. मोठं भांडं भरा, त्यातून २१ एकदा आणि ३ दोनदा काढा, झालं. याच रीतीने सुटणारी पाच गणितं दिली आणि मग हळूच २३, ४९, ३ ठेवून २० मागितले. २३ मधून ३ काढले की काम फत्ते! पण तिघांनी जुन्याच लांबच्या रीतीने सरळ ४९ चं भांडं उचललं. (पहिल्यांदा मीही तेच केलं होतं, म्हणून हसलो नाही.)

आता माझी अडचण. ग्रॅहम वालस या इंग्रज विचारवंतांनी १९२६ मध्ये सर्जनशीलतेचे चार टप्पे सांगितले, त्यातला दुसरा म्हणजे प्रश्न बाजूला ठेवून मुरू देणं. ते पटतं. पण मुरताना नेमकं होतं काय? मन नकळत त्यावर काम करत राहतं, की चुकीची वाट नुसती विसरली जाते? मला दुसरं जास्त खरं वाटतं. पण या दोन्हींत फरक दाखवेल असा, घरच्या घरी करता येईल असा प्रयोग काही सुचेना. मध्ये सुट्टी किती द्यावी? त्या वेळात मित्रांना शब्दकोडं द्यावं की रिकामं बसू द्यावं?

कुणी मानसशास्त्र शिकवत असेल किंवा असं काही करून पाहिलं असेल तर जरूर सांगा. आकडेमोड नसलेली कोडी असतील तर फारच बरं. एक मित्र आकडे बघूनच उठून गेला.