मदत हवी आहे: स्कूटरची बॅटरी अडीच महिने बंद ठेवायची आहे

वाटसरू:
परवा गावी निघतोय, गणपती करूनच परत. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढता येते. फुल चार्ज करून घरात ठेवली की झालं ना? लवकर सांगा, बांधाबांध बाकी आहे.

फ्यूजपंथी:
फुल नको. चार्जरच्या स्टिकरवर आउटपुट किती लिहिलंय?

जुनाखोड:
फुलच ठेवा. इन्व्हर्टरची उपाशी ठेवली की मरते, हिचंही तेच.

फ्यूजपंथी:
ते लेड-अ‍ॅसिडचं हो. कमी चार्जवर प्लेटांवर सल्फेट धरतं. स्कूटरची लिथियम बॅटरी फुल चार्ज आणि उकाड्यात राहिली की क्षमता कायमची घटते.

वाटसरू:
६७.२ व्होल्ट. पण ठेवू कुठे, ते कोणीच सांगेना!

फ्यूजपंथी:
फुल चार्जला एका सेलचे ४.२ व्होल्ट. ६७.२ भागिले ४.२, म्हणजे १६ सेल मालिकेत. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम) दिसतेय. सेलमागे ३.७५ ते ३.८, म्हणजे पॅक ६० ते ६०.८ व्होल्टवर ठेवा. मल्टिमीटर नसेल तर डिस्प्लेवर निम्म्याच्या आसपास. पार रिकामीही नको. बीएमएस, म्हणजे बॅटरीतला सांभाळणारा बोर्ड, थोडा करंट खातच असतो. सेल २.५च्या बराच खाली गेला की आतलं तांबं विरघळतं, पुढे चार्जिंगला लावल्यावर आतच शॉर्ट.

हिरवीगाडी:
म्हणून एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेटवाली) घ्यावी.

ओलीमाती:
त्यांनी काय विकत घेऊ असं विचारलेलं नाही. शिवाय एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट, चार्ज किती उरला ते मीटरवर कळत नाही.

खिडकीसीट:
विमानात पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, १०० वॉट-अवरपर्यंत.

वाटसरू:
एसटीने चाललोय हो.

ओलीमाती:
कोरडी फरशी, ऊन नाही, शेजारी गाद्या-कपडे नाहीत. दाराजवळ किंवा जिन्याखाली नको, पेटली तर बाहेर पडायची वाट तीच. टर्मिनलवर टेप. वाळूची बादली ठेवा.

फ्यूजपंथी:
वाळूने ठिणग्या अडतात, सेल गार होत नाहीत. एक तापला की शेजारचा पेटतो, ती साखळी तोडायला भरपूर पाणीच लागतं. पण ते काम अग्निशमन दलाचं. धूर विषारी असतो. बाहेर पडा, १०१ लावा.

वाटसरू:
बरं, माळ्यावर ठेवतो. गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं, तेव्हापासून कनेक्टरच्या पिना हिरव्या झाल्यात. पॉलिश पेपरने घासू?

फ्यूजपंथी:
अहो, हे आधी सांगायचं! वरचं सगळं विसरा. चार्जर लावू नका, घरात ठेवू नका. आत पाणी गेलं असेल तर बोर्डावर क्षार साचून करंट भलतीकडे वाहतो, आग कित्येक दिवसांनीही लागू शकते. उघडू नका. पाणी शिरलंय असं सांगून सर्व्हिस सेंटरला न्यायला लावा. तोवर बाहेर, छपराखाली, गाड्यांपासून लांब.

जुनाखोड:
दोन दिवस तांदळात ठेवली तर?

ओलीमाती:
तांदूळ क्षार खात नाहीत.