मदत हवी आहे: लेक शाळेत बोलतच नाही, घरात जर्मन सुरू करावं का? (स्टुटगार्ट)

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तिघं मागच्या ऑगस्टमध्ये सांगलीहून स्टुटगार्टला आलो. लेक साडेआठ वर्षांची, तिसरीत आहे. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागते.

बाकीचं रुळलं हळूहळू. चौदा दिवसांत पत्ता नोंदवणं, कुठला कचरा कुठल्या डब्यात, रविवारी दुकानं बंद म्हणून शनिवारची धावपळ. दारावर केअरवोखेची पाटी लागली की त्या आठवड्यात जिना आपण झाडायचा-पुसायचा. पहिल्यांदा ती पाटी कुणीतरी चुकून अडकवली असं वाटून मी शेजाऱ्यांच्या दाराला लावून आले होते, असो. फोडणी दिल्यावर थंडीतही खिडक्या सताड उघडायच्या हेही अंगवळणी पडलंय. लेकीचं मात्र जमत नाहीये.

ती फोरबेराइटुंग्सक्लासमध्ये आहे, म्हणजे जर्मन न येणाऱ्या मुलांच्या वर्गात. खेळ, चित्रकला आणि गणिताला तिसरीच्या नेहमीच्या वर्गात बसते. आठ महिने झाले, वर्गात तोंडातून शब्द नाही. बाई म्हणतात, सांगितलेलं सगळं कळतं तिला, पण बोलत नाही. सांगलीत हीच मुलगी स्नेहसंमेलनात निवेदन करायची. आणि घरी खोलीचं दार लोटून बाहुल्यांना चक्क जर्मनमध्ये रागावते! मी दाराबाहेर उभी राहून ऐकलंय. माझ्यापेक्षा बरं बोलते.

दुसरीकडे, ट्रॅममध्ये मी मराठीत काही बोलले की दंडाला चिमटा काढते, "आई, हळू." आजीच्या फोनवरही हल्ली नुसतं हं आणि नाही.

नवऱ्याने उपाय काढलाय: उद्यापासून घरात फक्त जर्मन. त्याच्या घाबरण्याला कारण आहे. इथे चौथीनंतर मुलांच्या शाळा वेगळ्या होतात आणि आमच्या राज्यात २०२४-२५ पासून गिम्नाझियमचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, नियम कडक झालाय. नुसती पालकांची इच्छा चालत नाही. शाळेची शिफारस किंवा चौथीत होणाऱ्या 'कोम्पास ४' या जर्मन-गणिताच्या चाचणीचा निकाल, यातलं एक तरी बाजूने लागतं, नाहीतर आणखी एक चाचणी द्यायची. हे वाचल्यापासून आमच्याकडे जेवताना 'बिटं' (कृपया) आणि 'डांकं' (धन्यवाद) सुरू आहे. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं, जर्मन जेमतेम ए१, म्हणजे अगदी पहिली पातळी. माझं ए२ अर्धवट. आमच्या जर्मनमध्ये 'मीठ दे' म्हणता येतं. 'आज मधल्या सुट्टीत कुणाबरोबर होतीस, का रडलीस' हे नाही विचारता येत.

तर, असं कुणी करून पाहिलंय का? आणि दुसरं, माझा इंटिग्रेशन्सकुर्स, म्हणजे नव्याने आलेल्यांचा वर्ग (६०० तास भाषा, १०० तास देशाची ओळख) साडेबाराला संपतो, लेक बाराला सुटते. शाळेनंतरच्या सांभाळाला प्रतीक्षायादी आहे. वर्ग सोडायचा नाहीये मला. सांगलीत अकरा वर्षं बँकेत होते, घरात नुसतं बसवत नाही.

प्रतिसाद १
आम्ही केलंय. करू नका. एसलिंगेनला आहोत, तेरा वर्षं झाली. मुलगा पहिलीत असताना असंच घाबरून घरात जर्मन आणलं. शाळेतलं जर्मन त्याला शाळेतच आलं, आमच्याकडून फक्त चुकीचे डेअर-डी-डास (नामांची लिंगं) उचलले. मराठी गेली ती गेलीच. आता पंधरा वर्षांचा आहे. आजोबा गेले तेव्हा आजीशी फोनवर काय बोलायचं हे त्याने मला जर्मनमध्ये विचारलं. मी मराठीत लिहून दिलं, त्याने वाचून दाखवलं. जी भाषा तुम्हाला धड येते तिच्यातच तिच्याशी बोला, गोष्टी सांगा, भांडा. नवी भाषा शिकताना बरीच मुलं काही महिने नुसती ऐकत असतात. बाहुल्यांशी बोलतेय ना? म्हणजे आत तयारी चालू आहे. पण आठ महिने थोडे नाहीत, म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. घरी मोकळी आणि शाळेत पूर्ण गप्प, हे नेमक्या याच शब्दांत सांगा.

प्रतिसाद २
+१. चिमट्याबद्दल: माझ्या लेकीनेही काढलेत. दोन वर्षांनी तीच मैत्रिणींना मराठी शिव्या शिकवत होती. (सौम्य होत्या.)
गिम्नाझियमबद्दल नवरोबांना सांगा, तो एकच रस्ता नाही. रेआलशुलं किंवा गेमाइनशाफ्ट्सशुलं (चौथीनंतरच्या दुसऱ्या प्रकारच्या शाळा) करून दहावीनंतर बेरूफ्लिशेस (व्यावसायिक) गिम्नाझियमला जाता येतं, तिथून तीन वर्षांत आबिटूर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. माझ्या भाच्याने तसंच केलं.

प्रतिसाद ३
ताई, वर्गात तीस जणांसमोर बोलायला मोठ्यांचीही जीभ टाळ्याला चिकटते. एकाच मुलीला घरी बोलवा. इथे मुलं न सांगता येत नाहीत, आईला चिठ्ठी किंवा मेसेज करून दिवस आणि वेळ ठरवावी लागते. आणि जवळच्या टुर्नफेराइनमध्ये (व्यायाम-खेळाच्या क्लबात) घाला, उड्या मारायला व्याकरण लागत नाही.
सांभाळाचं म्हणाल तर पूर्ण दिवसाच्या सांभाळाचा कायदेशीर हक्क २०२६ च्या ऑगस्टपासून आहे, पण सुरुवात पहिलीच्या मुलांपासून, तुमच्या लेकीला उपयोग नाही. फोल्क्सहोखशुलंमध्ये (मोठ्यांसाठीच्या शिक्षणकेंद्रात) संध्याकाळच्या तुकड्या विचारा, तेव्हा नवरा घरी असेल. शिवाय 'मामा लेर्न्ट डॉइच' नावाचे वर्ग असतात, बरेचदा मुलांच्या शाळेतच. मामा म्हणजे आई हो, नाहीतर भावाला पाठवाल.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद १ नवऱ्याला वाचायला दिला. काही बोलला नाही, पण रात्री लेकीला झोपवताना मराठीत गोष्ट सांगत होता, बऱ्याच दिवसांनी. डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळालीये. संध्याकाळच्या तुकडीसाठी सोमवारी जाऊन विचारते.
बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलीच्या आईला मेसेज केला होता. मुलगी गुरुवारी येतेय! आईने लिहिलंय, साडेतीनला सोडेन, साडेपाचला नेईन. साडेपाच म्हणजे साडेपाचच ना? की त्यांना आत बोलवून चहा विचारायचा असतो?