आईच्या खोलीसाठी दोन पोपटी-पिवळ्या शेडमधली कुठली घेऊ? मदत हवी आहे

आईच्या खोलीला रंग द्यायचाय, १० बाय १२ ची खोली, खिडकी एकच आणि तीही उत्तरेला त्यामुळे थेट ऊन नाहीच. दोन शेड काढल्यात, एक केळीच्या कोवळ्या पानासारखी आणि दुसरी कैरी कापल्यावर सालीला लागून जो हिरवट पिवळा गर दिसतो ना तशी. कार्डवर दोन्ही सारख्याच वाटत होत्या म्हणून छोटे डबे आणून भिंतीवर दोन दोन फुटांचे पट्टे मारले, दोन हात दिले, नीट वाळू दिलं. आता दिवसा केळीवाली मस्त वाटते पण रात्री ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब लावली की दवाखान्यासारखी दिसते, आणि कैरीवाली रात्री छान पण ढगाळ हवेत मळकट. खाली कोटा फरशी आहे, तीही हिरवटच.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तिला आता सगळे रंग खूप स्वच्छ दिसतात, ती केळीवालीच म्हणते, माहेरच्या परसाची आठवण येते म्हणे. मला तिचंच ऐकायचंय खरं तर. ट्यूब काढून ३००० किंवा ४००० केल्विनचा, म्हणजे त्याहून पिवळसर उजेडाचा दिवा लावला तर दवाखाना लूक जाईल का? कोणी उत्तरेच्या खोलीत असा रंग दिलाय का? प्लीज सांगा, पेंटर सोमवारी येतोय.