बेसिल, पुदिना, रोझमेरी: दरवर्षी लावायचं काय आणि टिकतं काय?

पर्वरीचा नवशिका:
मंडळी, फ्लॅटच्या गॅलरीत काही कुंड्या मांडायच्या आहेत. बियांच्या पाकिटांवर कुठे 'ॲन्युअल', कुठे 'पेरेनियल', रोझमेरीवर 'श्रब' असं लिहिलंय. बेसिल म्हणजे तुळशीचीच बहीण, तिला ॲन्युअल म्हणतात, पण आमच्या वृंदावनातली तुळस तर वर्षानुवर्षं उभी आहे! पाऊस तोंडावर आलाय, सगळं आताच लावू का?

डिचोलीची माई:
बाबा, पाकिटावरची भाषा थंड मुलखाची. तिकडे दंव पडलं की बेसिल करपतं, म्हणून ते एका हंगामाचं. आपल्याकडे गोव्यात दंव कुठलं? तुरे वेळेवर खुडलेस तर वर्ष उलटलं तरी जगतं; खोड लाकडासारखं होतं आणि पानं बारीक, एवढंच. इथे रोपं मारतो तो पाऊस. तेव्हा कुठलंही रोप घेताना आधी ठरव, जून ते सप्टेंबर हे कुठे राहणार.

खरी वर्षायू, म्हणजे तुझी 'ॲन्युअल', ती कोथिंबीर आणि शेपू. उगवली, फुलली, बी धरलं, संपली. कोथिंबीर आता नकोच, दसऱ्यानंतर घाल. धने लाटण्याखाली हलके रगड, प्रत्येकाच्या दोन फाकी होतात आणि प्रत्येक फाकीत एक बी. रात्रभर भिजवून थेट कुंडीतच पेर. तिचं मूळ सरळ खाली जातं, उपटून दुसरीकडे लावलेलं तिला मानवत नाही. दर पंधरवड्याला मूठभर पेरत राहा, म्हणजे ताटात खंड पडत नाही.

पुदिना, गवती चहा, ओव्याचं पान ही बहुवर्षायू, म्हणजे 'पेरेनियल', वर्षानुवर्षं टिकणारी. पुदिन्याला वेगळी कुंडी, नाहीतर शेजाऱ्याच्या मुळांत घुसतो मेला. हळदही यातलीच, पण तिची पानं डिसेंबर-जानेवारीकडे वाळतात आणि लोक कुंडी रिकामी करून टाकतात. कंद खाली जिवंत असतो! मे महिन्यात पुरलास तर नागपंचमीच्या पातोळ्यांना घरची पानं.

झुडपांत कढीपत्ता, अडुळसा, रोझमेरी. कढीपत्त्याचं एकेक पान ओरबाडू नकोस, शेंडा कापून घे, खाली फांद्या फुटतात. रोझमेरीचं उलट: हिरव्या भागातच कापायची. जुन्या लाकडावर कात्री चालवलीस तर तिथून सहसा फुटत नाही.

फोंडेकर:
माई, बाकी सगळं पटलं, पण नवशिक्याला रोझमेरी कशाला? भूमध्य समुद्राकाठची ती, कोरड्या उन्हाळ्याची सवय. आपल्या आषाढात मुळं कुजतात. शिवाय जांभ्याची लाल माती तशीच कुंडीत भरली तर दगडासारखी बसते.

डिचोलीची माई:
म्हणून तर म्हटलं, आधी जागा ठरव. मातीची कुंडी, निम्मी वाळू, पागोळ्यांच्या आत आणि ऊन येईल अशी. पावसाळ्यात माती बोटभर खोल कोरडी लागल्याशिवाय पाणी घालायचं नाही. एवढं सांभाळता येत नसेल तर फोंडेकरांचं ऐक, ओव्याचं पान लाव. भजीही होतात.

पर्वरीचा नवशिका:
धन्यवाद माई, रोझमेरी दिवाळीनंतर बघतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली पुदिन्याची जुडी लागेल का?

डिचोलीची माई:
लागते. जाड, शेंडा शाबूत असलेल्या काड्या निवड, खालची पानं काढ आणि पाण्यात उभ्या कर. पाणी रोज बदल. मुळं बोटाच्या पेराएवढी झाली की कुंडीत.