नागरिकत्वाची मुलाखत : तयारी, धडधड आणि तुमचे अनुभव

वर्धाकाठची
काल रात्री भाच्याचा फोन आला. डॅलसला असतो. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या मुलाखतीचं पत्र हातात पडलंय आणि पोराची झोप उडालीय. "मावशी, तुझ्या वेळी काय काय झालं ते पहिल्यापासून सांग." मी आर्वीजवळ गावी असते, सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून इथेच. थ्री फेजची लाइन रात्रीची होती, म्हणून तुरीला पाणी सोडायला विहिरीवर गेले होते. तिथेच मोटरच्या आवाजात जोरजोरात बोलत बसले आणि कितीतरी वर्षांनी सगळं जसंच्या तसं आठवलं.

माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत, मग आर्वीला कॉलेज. इंग्रजी वाचता यायचं, पण समोर साहेब बसला की जीभ टाळूला चिकटायची. अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार यांवरच्या शंभर प्रश्नांच्या चिठ्ठ्या फ्रिजवर लावल्या होत्या, भाकरी थापताना म्हणायचे. ते पाठ झालं, भीती मात्र तिथल्या तिथेच. ती घालवली शेजारच्या पंजाबी काकूंनी. त्या टेबलावर फाइल ठेवून साहेब बनायच्या. आधी मला दाराबाहेर उभं करायच्या, मग नावानं हाक मारायच्या. आत गेले की बसू न देता उजवा हात वर करायला लावायच्या, खरं बोलेन अशी शपथ घ्यायला. खऱ्या मुलाखतीची सुरुवात तशीच होते. मग ओळखपत्रं, मग एन-४०० म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जातली एकेक ओळ: पाच वर्षांतले पत्ते, नोकऱ्या, देशाबाहेरचे प्रवास, टॅक्स. मुलाखतीच्या दिवशी अधिकारी बाईंनी हात वर करायला सांगितला तेव्हा मला काकूच दिसल्या आणि आवाज बरोबर निघाला. सहा उत्तरं बरोबर आली तशी त्या थांबल्या. एक वाक्य वाचून घेतलं, एक लिहून घेतलं, झालं.

भाच्याचा अर्ज जुन्या नियमातला आहे, १०० प्रश्नांची यादी, दहा विचारतात, सहा बरोबर लागतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज भरलाय त्यांना १२८ प्रश्नांची यादी, वीसपर्यंत विचारतात आणि बारा बरोबर हवे. कुणाची कुठली, ते आधी बघा.

आपल्याकडची बरीच मंडळी यातून गेली आहेत. स्वतःचा असो, आईवडिलांचा असो, कुठल्याही देशाचा असो, अनुभव लिहा. भाच्याला हा धागाच पाठवणार आहे.

खारपाणपट्टा
माह्या मायची गोष्ट सांगतो. गाव दर्यापूर तालुक्यातलं. वय सत्तरच्या वर, ग्रीन कार्डाले पंधरा वर्षं होऊन गेलती. पंचावन्नच्या वर वय अन् पंधरा वर्षं कार्ड असलं की इंग्रजी माफ राहते, दुभाष्या आपला न्या लागते. पण प्रश्न सुटत नाहीत बरं, ते आपल्या भाषेत द्याच लागतात. मायची शाळा चौथीपर्यंत. म्या यादी मराठीत लिहून देल्ली तं म्हणे, हे माह्या डोक्यात नाही जात. मंग तिनंच आपला हिशोब लावला. राष्ट्राध्यक्ष म्हणजे सरपंच, तो गेला तं उपसरपंच, तोही गेला तं सभागृहाचा स्पीकर. नऊ न्यायाधीश, शंभर सिनेटर, हे सारं तिनं जात्यावरच्या ओव्यावानी गाऊन पाठ केलं. सकाळी पाच वाजता किचनमधून आवाज ये, "सिनेटर शंभर गं माय, सहा वर्षाचे".
पास झाली. बाहेर आल्यावर पहिले शेगावकडं तोंड करून हात जोडले, कोणत्या दिशेले शेगाव येते ते मले इचारून.

मोर्शीची रेवा
@खारपाणपट्टा "सिनेटर शंभर गं माय" 😂😂 दादा, आईचं रेकॉर्डिंग असेल तर द्या ना!

खारपाणपट्टा
नाही ना बाप्पा. तवा सुचलंच नाही.

पांढरं सोनं
मुलाखतीच्या आधीचं एक कोणी सांगत नाही ते सांगते. बोटांचे ठसे. माझ्या आईनं सगळं आयुष्य कापूस वेचला, निंदण केलं, भांडी राखेनं घासली. तिच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मशीनवरची मुलगी पुन्हा पुन्हा बोट दाबायची, ओल्या कापडानं पुसायची, पुन्हा दाबायची, काहीच उमटेना. आई ओशाळून आपले हात पदराखाली घ्यायला लागली. मला इतकं रडू आलं. त्या हातांनी आम्ही तिघं भावंडं शिकलो.
पुन्हा बोलावलं, तेव्हाही ठसे आले नाहीत. मग जिथे राहिलो तिथल्या पोलिसांकडून गुन्हा नसल्याचं पत्र आणायला सांगितलं. ते दिलं की काम पुढे सरकतं, अर्ज नाकारत नाहीत. ज्यांचे आईवडील शेतात राबलेत त्यांनी तारखेच्या आधी काही दिवस रोज रात्री हातांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळा, धुणं-भांडी करू देऊ नका.

वर्धाकाठची
@पांढरं सोनं वाचून गलबलून आलं गं. आईला माझा नमस्कार सांग.

चिमूरची नर्स
ड्यूटीवर आहे, पटकन लिहिते. इंग्लंडात अमेरिकेसारखी मुलाखत नाही. लाइफ इन द यूके म्हणून परीक्षा, २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर पाहिजेत. आठव्या हेन्री राजाच्या सहा बायका पाठ करता करता नाकी नऊ आले. इंग्रजीचा वेगळा पुरावा लागतो. शेवटी समारंभात शपथ. मला भीती परीक्षेची नव्हती, बाबांना कसं सांगू याची होती. बाबा स्वातंत्र्यसैनिकाचे पुत्र, १९४२ चा चिमूरचा उठाव आमच्या घरात रोज बोलला जातो. आजोबा इंग्रजांविरुद्ध तुरुंगात गेले आणि नातीनं त्यांच्याच राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची! सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजोबांनी राज्य नको म्हटलं होतं, माणसं नकोत असं कधी नाही म्हटलं. तू त्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करतेस, खुशाल जा."
बेल वाजली, जाते.

झाडीपट्टी
काय बोलले वो बाबा. वा.

पूर्णामायचा
तारखा नीट जुळवा रे बाबांनो. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकून दिलेली. माझी १ जून, बायकोची १ जून, मोठ्या भावाची पण १ जूनच. मुलाखतीतल्या बाईंनी दोघांचे कागद शेजारी ठेवले आणि आमच्याकडे बघायला लागल्या. मी शांतपणे सांगितलं की आमच्या गावात जन्माची नोंद व्हायची नाही, शाळेच्या दाखल्यावरची तारीखच सगळीकडे चालते. त्यांनी मान डोलावली, पुढे गेल्या. जे आहे ते सरळ सांगायचं. सगळ्या कागदांवर तारीख एकच असली म्हणजे झालं.

मोर्शीची रेवा
आमच्या वाड्यात १ जूनला सात वाढदिवस असतात 😄

खारपाणपट्टा
आमच्या सगळ्या वर्गाचा एकच दिवस!

सेलूची जाऊबाई
उलटा अनुभव चालेल का? आमच्या घरी परदेशातली सून आहे, माझी धाकटी जाऊ, फिलिपिन्सची. दीर जहाजावर होते, तिथली ओळख. भारतीयाशी लग्न झालेल्यांना नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली नोंदणीनं नागरिकत्व मिळतं, पण अर्जाआधी सात वर्षं इथे राहिलेलं असावं लागतं. अर्ज कलेक्टर ऑफिसातून पुढे जातो. पोलीस चौकशीला गावात आले तर अर्धं गाव आमच्या अंगणात. पोलीस पाटील, अंगणवाडीच्या बाई, दूधवाला, जो तो आपणहून साक्ष द्यायला. दूधवाला म्हणाला, ही बाई उधारी ठेवत नाही, अजून काय पाहिजे!
ऑफिसात बोलावलं त्याच्या आदल्या रात्री तिला ताप भरला, नुसत्या धास्तीनं. ती राष्ट्रगीत, राष्ट्रपती, राज्यपाल, सगळं घोकत होती. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं, कपाळाला सुंठेचा लेप लावला आणि म्हणाल्या, तुले कोणी काही इचारलं तं जसं मले सांगतेस तसं सांगजो. साहेबांनी विचारलं, इथे करमतं का? ही म्हणाली, "करमते ना साहेब, नाही करमाले का झालं?" साहेब मूळचे यवतमाळचे निघाले. हसले आणि तिच्यासाठी चहा मागवला.
तिकडचं नागरिकत्व सोडावं लागलं तेव्हा मात्र ती दिवसभर बोलली नाही. आम्ही कोणी तिला छेडलं नाही.

अर्जुनीचे गुरुजी
या निमित्ताने एक माहिती. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ तिबेटी लोकांची नॉर्गेलिंग वसाहत आहे. तिथली पोरं आमच्याकडे क्रिकेट खेळायला येतात, मराठी सफाईदार बोलतात. त्यांच्यात ज्यांचा जन्म २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात झाला, ते कायद्याने जन्मानेच भारतीय. त्यांना ना परीक्षा, ना मुलाखत. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी आई किंवा वडील भारतीय असावे लागतात. एकाच घरात मोठा भाऊ एका बाजूला अन् धाकटा दुसऱ्या बाजूला, असंही होऊ शकतं. कलम ६ खालच्या देशीयकरणात, म्हणजे इथे बरीच वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्व देताना, राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा नीट यावी लागते, त्यात आपली मराठी आहे.

पवनीकर
गुरुजी, धान झालं का तिकडे?

अर्जुनीचे गुरुजी
कापणी चालू आहे. मजूर मिळत नाहीत. तुमच्याकडे?

पवनीकर
तेच. शिवाय डुकरांनी बांधाकडचं सगळं लोळवलं.

निळी पहाट
माझं माहेर ब्रह्मपुरीकडचं. आमच्या गावच्या विहारात २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका मोठ्यानं वाचतात, लहानपणी मी वाचायची. त्यामुळे अमेरिकेच्या संविधानाचे प्रश्न मला परके वाटले नाहीत. घटनादुरुस्ती म्हणजे काय, भाषणाचं स्वातंत्र्य, धर्माचं स्वातंत्र्य, हे आमच्या घरात जेवताना बोलायचे विषय. मुलाखतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात जाऊन आलो. बाबासाहेब १९१३ साली तिथं शिकायला गेले होते. पायऱ्यांवर बसलो, घरून नेलेला भाकर-ठेचा खाल्ला. मनातली कालवाकालव तिथंच निवली.
अडखळले फक्त शपथेपाशी. जुन्या देशाची निष्ठा सोडते, असं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं. माझ्या शेजारी एक इथिओपियाचे आजोबा होते, त्यांचेही ओठ थरथरत होते. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पुढचं वाक्य मिळून म्हटलं.

हिंगणघाटचा मनोज
नवऱ्यांची बाजू मांडतो 🙂 बायको मुलाखतीला गेली तेव्हा मी गाडीत बसून घामाघूम. ती आत मस्त.
कामाचं सांगायचं तर, प्रश्न कळला नाही की "पुन्हा विचाराल का" म्हणायची पूर्ण मुभा असते. त्याचे गुण कापत नाहीत. वाचायला तीन वाक्यांपर्यंत संधी मिळते, एक बरोबर आलं की झालं, लिहिण्याचंही तसंच. आणि समजा नाहीच जमलं, तर साठ ते नव्वद दिवसांत परत बोलावतात आणि राहिलेला भागच घेतात. माझ्या चुलत्यांचं लिखाण राहिलं होतं. फेब्रुवारीचं स्पेलिंग. दुसऱ्या वेळी आरामात झालं. हे आधी माहीत असलं की निम्मा घाम तिथंच सुकतो.

मोर्शीची रेवा
हो, आणि अर्जातल्या "तुम्ही कधी..." वाल्या प्रश्नांचे अर्थ शिकून जा. भरभर नाही-नाही म्हणत सुटलं की मध्येच थांबवून विचारतात, या शब्दाचा अर्थ काय? माझ्या मैत्रिणीला विचारलं होतं.

भाचा डॅलसवाला
मावशीनं लिंक पाठवली. सगळं वाचलं, दोनदा. सगळ्यांचे मनापासून आभार. आज बायकोला साहेब बनवून हात वर करण्याची प्रॅक्टिस करतो. एक विचारू का? मुलाखतीपेक्षा माझ्या बाबांना वावराची काळजी जास्त आहे. चार एकर आहे, माझं नाव वारस म्हणून लागेल का? ते रोज तेच विचारतात.

पूर्णामायचा
लागतं बेटा. भारतीय नागरिकत्व गेलं आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घेतलं की शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं आलेली राहते. माझ्या नावावर आहे. मतदान मात्र करता येत नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचं प्रमाणपत्र आधी घे, ओसीआयला ते लागतं.

खारपाणपट्टा
अन् वारसाचा फेरफार वेळेवर करून घेजो. आमच्या तलाठ्याकडं एक कागद कमी पडला तं पुरा उन्हाळा गेला.

भाचा डॅलसवाला
काका, मृत्युपत्र नोंदवून ठेवलं तर सोपं जाईल का?

पूर्णामायचा
जाईल. पण बाबांशी फोनवर नको बोलू हे. आलास की समोर बसून बोल, आणि बहिणीलाही सोबत बसव. तिचाही हक्क आहे त्यात.