मदत हवी आहे: आईची थायरॉईडची गोळी ७५ वरून १०० केली, लगेच सुरू करावी का?

चोपड्याची_लेक:

नमस्कार मंडळी. मी पिंपरीला असते, माहेर चोपडा तालुक्यात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी गेले आणि आईला बघून धस्स झालं. चेहरा सुजल्यासारखा, आवाज जाड, दुपारी बसल्या जागी डुलकी. दरवर्षी दोन पायली ज्वारीचे बिबडे (आमच्याकडचे पापड) एकहाती घालणारी बाई, यंदा घाटा हाटायला शेजारच्या काकूंना बोलावलं आणि स्वतः गच्चीच्या पायरीवर बसून राहिली. विचारलं तर म्हणे, "वय व्हयनं आते, दुसरं काय."

आई ६१ वर्षांची. सात वर्षांपूर्वी हायपोथायरॉईड निघाला, म्हणजे थायरॉईड ग्रंथी कमी काम करते, तेव्हापासून लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉईडची गोळी सुरू आहे. मध्यंतरी डोस १०० होता, तेव्हा छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली, आणि टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, गोळी कमी पडली की वाढतो, जास्त झाली की उतरतो) ०.१ च्याही खाली गेला होता. म्हणून तेव्हाच्या डॉक्टरांनी ७५ मायक्रोग्रॅमवर आणलं. गेली चार वर्षं त्यावर छान होती. घरात त्या गोळीचं नावच "पाऊणशेची गोळी" पडलंय. दिवाळीनंतर टीएसएच २.९ होता. आता केला तर १३.८, आणि फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉईडचं संप्रेरक) सुद्धा खालच्या मर्यादेच्या जरा खाली.

जुने डॉक्टर आता बसत नाहीत, म्हणून जळगावला नव्या डॉक्टरांना दाखवलं. गर्दी प्रचंड. त्यांनी रिपोर्ट पाहिला, ७५ चे १०० केले, दीड-दोन महिन्यांनी परत तपासा म्हणाले. जुनी फाईल आम्ही घरीच विसरलो होतो आणि १०० वर झालेला त्रास सांगायचा राहून गेला. परतीच्या एसटीत बसल्यावर सगळे प्रश्न सुचले, नेहमीप्रमाणे.

आई गोळी चुकवत नाही, याची अप्पा खात्री देतात. मग अचानक टीएसएच एवढा वर कसा गेला? उन्हाळ्याचा काही संबंध असतो का? आणि १०० सुरू करू की थांबू? बीपीची गोळीही चालू आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

भुसावळ_लोको:

ताई, आमच्या मंडळींचंही असंच झालं होतं. डोस वाढवल्यावर आठ दिवसांत फरक पडला नाही म्हणून आम्ही पुन्हा लॅबमध्ये पळालो, तर लॅबवालाच म्हणाला, पैसे वाया घालवू नका. या गोळीचा रक्तातला अर्धा अंश जायलाच साधारण आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलल्यावर खरा आकडा सहा ते आठ आठवड्यांनीच कळतो. घाई करू नका एवढंच. बाकी जाणकार सांगतील.

खान्देशी_ठेचा:

माझ्या मावशीने कांचनार गुग्गुळ घेतलं आणि रोज सकाळी धण्याचं पाणी. तीन महिन्यांत गोळी बंद. ॲलोपॅथीच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत, हे लक्षात ठेवा.

रात्रपाळी:

ठेचा, तुमच्या मावशीला बरं वाटतंय याचा आनंद आहे, पण हा सल्ला इथे देऊ नका. गोळी "लागत" नसते. ग्रंथी जे संप्रेरक बनवत नाही, तेच बाहेरून दिलं जातं. डोळ्याला चष्मा लागला की कोणी चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही. ज्याची ग्रंथी थकली आहे त्याने गोळी बंद केली तर पहिला महिनाभर काही जाणवत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

चोपड्याची_लेक, मी ग्रामीण रुग्णालयात असतो, एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचा तज्ज्ञ) नाही. त्यामुळे "सुरू करा" किंवा "करू नका" असं इथून सांगणार नाही. पण चार वर्षं स्थिर असलेला पेशंट सहा महिन्यांत असा बिघडला, तर डोस वाढवण्याआधी विचारायचा प्रश्न एकच असतो: या सहा महिन्यांत नवीन काय सुरू झालं? औषध, टॉनिक, चूर्ण, आहार, कंपनी, काहीही. आईच्या सकाळी उठल्यापासून नाश्त्यापर्यंतच्या सगळ्या गोष्टी वेळेसकट लिहा. अप्पांना विचारून नाही, स्वतः बघून.

औषधवाला_शिरपूर:

रात्रपाळींच्या प्रश्नाला माझे दोन जोडतो. गोळी बाटलीतूनच घेतात का? आणि बाटली कुठे ठेवलेली असते? आमच्याकडे मे महिन्यात दुकानात एसी बंद पडला तर आम्हीच घाबरतो. तुमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. या गोळीला उष्णता, उजेड आणि ओल तिन्ही सोसत नाहीत. म्हणून तर ती गडद बाटलीत येते, आत ओल शोषणारी पुडी असते. ती पुडी लोक पहिल्याच दिवशी फेकून देतात.

चोपड्याची_लेक:

थांबा. मला आत्ताच घाम फुटलाय आणि तो उन्हाने नाही.

संक्रांतीला मीच आईला ऑनलाइन एक डबा मागवून दिला होता. सात वारांचे खण, प्रत्येकात सकाळ-दुपार-रात्र. पारदर्शक, झाकण निळं. अप्पा दर रविवारी तो भरतात, मोठ्या अभिमानाने, शेजारच्यांनाही दाखवतात. काल रात्री फोनवर व्हिडिओ कॉल करून तो उघडायला लावला. सकाळच्या खणात आहे: पाऊणशेची गोळी, बीपीची गोळी, ॲसिडिटीची कॅप्सूल आणि कॅल्शियमची मोठी पांढरी गोळी. कॅल्शियम गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी जानेवारीत सुरू केलेलं. चारही एकदम, चहासोबत. कारण "चहा लेवाशिवाय मन्हा डोया उघडतस नही."

पूर्वी थायरॉईडची बाटली देव्हाऱ्याजवळ असायची. आई उठली की तोंड धुऊन गोळी, मग सडा-रांगोळी, मग चहा. ती पद्धत मीच मोडली. आणि डबा ठेवलाय स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत, "दिसला पाहिजे ना" म्हणून.

रात्रपाळी:

सापडलं बहुतेक. स्वतःला दोष देत बसू नका, अशा डब्यांनी माझ्या कितीतरी म्हाताऱ्या पेशंटांचं भलं केलंय. फक्त ही एक गोळी त्यात बसत नाही.

कॅल्शियम पोटात या गोळीला धरून बसतं आणि ती रक्तात पुरती शोषली जात नाही. लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ गुलाबी औषधंही तेच करतात. म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवतात. कॅप्सूल पँटोप्राझोलच्या जातीची असेल तर ती पोटातलं आम्ल कमी करते, त्यानेही शोषणाला थोडा फटका बसू शकतो. ती मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना नाव सांगा. आणि चहा-कॉफी-दूध गोळीनंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर नको. साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. समजा तुम्ही आजपासून गोळी नीट उपाशीपोटी दिली आणि त्याच दिवशी डोसही १०० केला. म्हणजे शोषणही वाढलं आणि डोसही. ज्या बाईला १०० वर आधी धडधड झाली होती, तिला पुन्हा तिथेच नेऊन सोडल्यासारखं होईल. साठी उलटल्यावर जास्तीचा डोस नुसती झोप उडवून थांबत नाही. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात, म्हणजे ज्या हाडांसाठी कॅल्शियम सुरू केलं तीच. उलट १३.८ टीएसएच घेऊन महिनोन्महिने बसणंही बरं नाही. म्हणून हा निर्णय घरात घ्यायचा नाही. उद्याच त्या डॉक्टरांना फोन करा किंवा जुनी फाईल घेऊन अप्पांना पाठवा, आणि तीन वाक्यं सांगा: गोळी कॅल्शियम आणि चहासोबत जात होती, १०० वर पूर्वी त्रास झाला होता, आता वेळ सुधारतोय, मग डोस कोणता ठेवू? डॉक्टरांना ही माहिती नव्हती, त्यांनी कागदावर दिसलं त्यावर लिहिलं.

छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे पडले, किंवा आई खूप गुंगीत, थंडगार, नीट बोलेनाशी वाटली तर मात्र फोनची वाट न पाहता थेट दवाखान्यात न्या.

औषधवाला_शिरपूर:

माझं एक कळकळीचं. १०० ची बाटली आणलीच असेल तर ७५ ची अर्धी बाटली आणि ती एकाच फडताळात ठेवू नका. बाटल्या दिसायला सारख्याच, फरक आकड्याचा. गेल्या वर्षी एका आजोबांना घरच्यांनी दोन्ही बाटल्यांतली एकेक गोळी दिली होती, "डोस वाढवला ना" म्हणून. आकड्यावर लाल पेनने गोल करा, न लागणारी बाटली वेगळी बांधून ठेवा.

आणि डब्यात ठेवलेल्या गोळ्यांचा जोर उन्हाने किती गेला असेल हे घरबसल्या सांगता येत नाही. मला विचाराल तर कॅल्शियम मोठा गुन्हेगार, ऊन त्याचा साथीदार. डब्यातल्या आठवड्याच्या गोळ्या टाकून द्या, बाटलीतली नवी सुरू करा. बाटली फ्रिजमध्ये कोंबू नका, ओल लागते. बाटलीवर छापलेलं तापमान वाचा, आणि घरात सगळ्यात गार, कोरडी, अंधारी जागा असेल तिथे ठेवा. जुन्या मातीच्या घरात देव्हारा तीच जागा असायची, तुमच्या आईला बरोबर कळत होतं. बाटली संपेपर्यंत कंपनीही बदलू नका, आणि बदललीच तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा.

खान्देशी_ठेचा:

बरं, मावशीचा टीएसएच गेल्या वर्षभरात कोणी केलाच नाही, हे आज विचारल्यावर कळलं. या रविवारी तिला घेऊन जातो. कांचनारवाला प्रतिसाद कोणी मनावर घेऊ नका.

तापीकाठ:

विषयांतर होतंय, पण बिबड्याचा घाटा आणि शेंगदाण्याचं तेल, काय आठवण काढली हो! केसांच्या वाढीसाठी बायोटिन घेणाऱ्या सगळ्यांनी मात्र एक लक्षात ठेवा. माझा टीएसएच मागे खोटा कमी आला होता, बायोटिनमुळे. तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवायला सांगतात, लॅबला विचारून घ्या. इथे टीएसएच वाढलाय म्हणजे ते कारण नसावं, पण सांगून ठेवलं.

चोपड्याची_लेक:

धागा वर काढते, जुलै उजाडला.

दुसऱ्याच दिवशी अप्पा फाईल घेऊन जळगावला गेले. डॉक्टरांनी या वेळी पंधरा मिनिटं दिली, ईसीजी काढला, डबाही बघितला. म्हणाले, "बरं झालं आलात." ७५ वरच ठेवलं, १०० ची बाटली मेडिकलवाल्याने परत घेतली. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, ॲसिडिटीची कॅप्सूल लागली तरच. रात्री गोळी देता येईल का हेही विचारलं होतं. जेवणानंतर तीन तास गेल्यावर चालते म्हणाले, पण आमच्याकडे नवाला जेवण आणि सव्वानवाला आई घोरते, त्यामुळे तो विचार सोडला.

सात आठवड्यांनी परवा रिपोर्ट आला: टीएसएच ४.६. डॉक्टर म्हणाले दिशा बरोबर आहे, डोस तसाच, ऑक्टोबरमध्ये पुन्हा बघू. चेहऱ्यावरची सूज उतरलीय. शेजारच्या काकूंशी शेवभाजीच्या मसाल्यावरून भांडण झालं म्हणजे आवाजही परत आला.

बाटली पुन्हा देव्हाऱ्याजवळ गेलीय. पाचला गोळी, सहाला चहा. मधला तास आई घड्याळाकडे बघत काढते आणि रोज सकाळी मला शिव्या घालणारा फोन येतो. निळा डबा अप्पांनी सोडला नाही, त्यात आता बीपीची गोळी आणि कॅल्शियम आहे, पण खिडकीत नाही.

आता एक शेवटचं. श्रावण येतोय, आई सोमवार कडक धरते, वर कानबाईच्या सणाच्या दिवशी पहाटेपासून धावपळ. उपवासाला गोळी चालते का, की दुसऱ्या दिवशी दोन घ्याव्या?

रात्रपाळी:

दोन अजिबात नाही. एखाद्या दिवशी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशीची मात्र एकच. उपवासाची सकाळ तर या गोळीला सगळ्यात सोयीची, पोट रिकामंच असतं. पाणी चालत असेल तर पाण्यासोबत घ्यायची. फक्त साबुदाण्याआधीचा चहा सहाच्या आत नको, हे तुम्ही सांगा, माझं नाव सांगू नका.

चोपड्याची_लेक:

सांगितलं. "उपासले चहा चालस, देव काय म्हनस नही," असं उत्तर आलं. सहा वाजेपर्यंत थांबते मात्र.