स्लो कुकरमधला स्वयंपाक: तुमची मापं, तास आणि फसलेले प्रयोग

मंदाग्नी

थंडी पडली की अमेरिकेतल्या घरांमध्ये माळ्यावरचा स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं, खाली येतो आणि मार्चपर्यंत ओट्यावर मुक्काम ठोकतो. दिवाळी, थँक्सगिव्हिंग, नाताळ अशी ओळीने माणसं जेवायला यायची असतात, म्हणून हा धागा. इथे लिहिताना कुकर किती क्वार्टचा (एक क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर), आच लो (मंद) की हाय (जास्त), किती तास, काय बिघडलं आणि का बिघडलं, एवढं नक्की द्या. नुसतं ‘मस्त झालं’ नको.

सुरुवात पॉट रोस्टने, म्हणजे भाज्यांबरोबर मंद शिजवलेल्या मांसाच्या अखंड तुकड्याने, करतो. कुकर 6 क्वार्ट, मोठी पाच माणसं. 3 पौंडांचा चक रोस्ट, म्हणजे गाईच्या खांद्याकडचा भाग, कागदाने अगदी कोरडा टिपून घ्या. दोन चमचे मीठ आणि भरपूर मिरी चोळून बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजू चार-पाच मिनिटं न हलवता चांगल्या तपकिरी करा. कुकरच्या तळाशी दीड पौंड बटाटे, चार गाजरं, दोन कांदे यांचे मोठे तुकडे आणि वर मांस. उलटं रचलं तर मांस शिजतं आणि गाजर कडक राहतं, कारण या भांड्यात कंद मांसापेक्षा हळू शिजतात. तव्यात एक कप स्टॉक (मांसाचं किंवा भाज्यांचं उकळून गाळलेलं पाणी) ओतून खाली धरलेलं खरवडून घ्या आणि तेही आत घाला. लोवर 8 ते 9 तास.

नेहमीची चूक: सहाव्या तासाला काटा टोचतात, मांस चिवट लागतं, आणि ‘जास्त शिजलं’ म्हणून बंद करतात. प्रत्यक्षात ते कमी शिजलेलं असतं. या भागात कोलॅजेन, म्हणजे चिवट तंतूंचं प्रथिन, भरपूर, ते विरघळून जिलेटिन व्हायला वेळ लागतो. अजून दीड-दोन तास द्या, काट्याने आपोआप सुटेल. याच कारणाने महागडा, चरबी नसलेला तुकडा इथे वाया जातो. त्यात विरघळायला काही नसतं, तो नुसता कोरडा होतो.

कढीपत्ता९

पाण्याबद्दल. गॅसवरच्या कृतीतलं पाणी जसंच्या तसं घातलं की रस्सा पाणचट होतो. झाकणावर वाफ धरते आणि थेंब परत आत पडतात, आटत काहीच नाही. वर चिकन, टोमॅटो, कांदा यांचं पाणी सुटतं ते वेगळंच. मी मापाच्या निम्म्याने सुरू करते. तरीही पातळ झालंच तर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर तेवढ्याच गार पाण्यात कालवून घाला आणि हायवर 20 मिनिटं ठेवा. आपल्या रश्शाला मात्र भाजलेलं खोबरं किंवा दाण्याचं कूट बरं, कॉर्नफ्लोअरने चकाकी येते ती चायनीज वाटते.

आणि झाकण उघडून बघू नका! एकदा उघडलं की 20 ते 30 मिनिटांची उष्णता गेली. ती पुढे धरावी लागते.

पाटावरवंटा

राजमा. एक पौंड, रात्रभर भिजवून, सकाळी पाच कप पाणी घालून लोवर 8 तास. टोमॅटो शेवटी घालायचे, आंबटात दाणा शिजत नाही. चिंच-आमसुलालाही हेच लागू.

मंदाग्नी

पाटावरवंटा, टोमॅटोचं बरोबर, पण मधली एक पायरी राहिली आणि तीच महत्त्वाची आहे. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणे खाल्ले तरी एक ते तीन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. ते खळखळून उकळल्यावरच जातं. स्लो कुकर बराच वेळ उकळीच्या खाली रेंगाळतो, आणि 80 अंश सेल्सिअसच्या आसपास अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही पाचपट विषारी होऊ शकतो. दाणा मऊ लागला म्हणजे विष गेलं असं नाही.

तेव्हा: रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर झाकण न लावता 30 मिनिटं खळखळून उकळा, मग कुकरमध्ये. पांढऱ्या मोठ्या बीनलाही हेच करावं. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो, तो तसाच चालतो. छोल्यांना ही भीती नाही.

पाटावरवंटा

बाप रे. दुरुस्ती मान्य. वरची कृती कोणी तशीच करू नका.

तर्रीबाज

बोकडाचं मटण, हाडासकट 3 पौंड. इथे ते बहुधा गोठवलेलं मिळतं. आदल्या दिवशी फ्रिजमध्ये 24 तास ठेवून पूर्ण सुटू द्या. गोठलेला गोळा तसाच टाकला तर तो 4 ते 60 अंशांच्या पट्ट्यात तासन् तास राहतो, आणि जंतूंना तेच हवं असतं.

तीन मोठे कांदे कढईत खरपूस होईपर्यंत परता. स्लो कुकरमध्ये कच्चा कांदा तपकिरी होत नाही, उकडतो, आणि रश्श्याला एक गोडसर उकडलेला वास येतो. ज्यांना ‘स्लो कुकरचं सगळं एकाच चवीचं लागतं’ असं वाटतं, त्यांचा कांदा बहुतेक कच्चा गेलेला असतो. कांद्यात आलं-लसूण, भाजलेलं अर्धी वाटी सुकं खोबरं, तीन चमचे कांदा-लसूण मसाला घालून तेल सुटेपर्यंत परता. मटणही त्यातच सात-आठ मिनिटं. मग कुकरमध्ये एक कप गरम पाणी, लोवर 8 तास किंवा हायवर साडेचार-पाच. दही घालायचं असेल तर परततानाच, एकेक चमचा. नंतर ओतलं तर फाटतं. नारळाचं दूध शेवटच्या 20 मिनिटांत.

लवंग, दालचिनी नेहमीच्या निम्मी, आठ तासांत लवंग औषधासारखी लागते. गरम मसाला उतरवताना.

तर्री येत नाही अशी तक्रार असते. येणार कशी, खळखळ नाही तर तेल वर ढकलणार कोण? वाढायच्या आधी तीन मोठे चमचे तेल कडकडीत तापवा, गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबा, दोन चमचे काश्मिरी तिखट टाका, फसफसलं की लगेच वरून ओता. न थांबता टाकलंत तर तिखट काळं पडतं आणि सगळं भांडं कडू.

कढीपत्ता९

+१. वरून फोडणी हा नियमच समजा. डाळी, उसळी, सगळ्याला. मोड आलेल्या मटकीच्या वाटेला मात्र जाऊ नका, लगदा होतो. काळे वाटाणे आणि कुळीथ छान होतात.

तूपसाखर

दिवाळीआधी तूप. बिनमिठाचं लोणी 4 पौंड, म्हणजे 16 कांड्या, 6 क्वार्टच्या कुकरमध्ये लोवर. झाकणाखाली लाकडी उलथनं आडवं ठेवून फट ठेवा, नाहीतर लोण्यातलं पाणी वाफ होऊन परत आतच पडतं आणि तूप कधीच कढत नाही. सहा-सात तासांनी बुडबुड्यांचा आवाज बारीक होतो, बेरी तळाला बसते, पण ती फिकीच असते. मग झाकण काढून एक तास हायवर. तरी खमंग वास आला नाही तर जाड बुडाच्या पातेल्यात गॅसवर शेवटची पाच-दहा मिनिटं. हाच टप्पा चव देतो, तो टाळू नका. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश, म्हणून पावणेदोन किलोतून जेमतेम 1.4 किलो तूप हाती येतं. भरायच्या बरण्या खणखणीत कोरड्या हव्यात.

येळवणी

पुरणासाठी हरभरा डाळ. दोन वाट्या डाळ दोन तास भिजवून, सहा वाट्या गरम पाणी, चमचाभर तेल, हायवर साडेतीन तास. दाणा बोटाने चिरडतो, पण विरघळत नाही. त्यामुळे कट स्वच्छ निघतो, आणि आमटीची निम्मी चव तिथेच आहे. गूळ आत घालू नका. डाळ मऊ व्हायच्या आधी गूळ पडला की ती तशीच आखडून राहते. पुरण आटवायचं काम कढईचंच.

शेंगदाणे_भाजून

थोडं विषयांतर. अर्व्हिंग नॅक्सनने 1940 साली स्लो कुकरच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं, बीन्स शिजवायचं भांडं म्हणून. लिथुएनियातल्या ज्यू घरांमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ‘चोलंट’चं (मांस-बीन्सच्या रश्शाचं) भांडं बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायचे, कारण शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, चूल पेटवायची नाही. आईने सांगितलेल्या त्या आठवणीतून त्याला हे सुचलं. 1971 मध्ये ते क्रॉकपॉट नावाने बाजारात आलं. एकादशीच्या आदल्या रात्री निखाऱ्यांवर काही ठेवणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

मंदाग्नी

थँक्सगिव्हिंगला ओव्हन टर्कीने अडवलेला असतो, तेव्हा हे भांडं शिजवायला नाही, गरम ठेवायला वापरा. पाच पौंड बटाटे गॅसवर उकडून, गरम असतानाच एक कांडी लोणी आणि दीड कप कोमट दूध-साय घालून कुस्करा. कुकर आधी रिकामाच हायवर 15 मिनिटं तापवून आतून लोणी लावा. मग वॉर्मवर दोन ते तीन तास, तासाभराने एकदा कडा मोकळ्या करा. फ्रिजमधलं थंड अन्न मात्र वॉर्मवर गरम करू नका, ते तापायला फार वेळ घेतं. आधी गॅसवर वाफाळतं करून मग आत घाला.

वायरमन_काका

मंडळाच्या पॉटलकमध्ये (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) एका टेबलावर पाच-सहा कुकर असतात. हिशेब सांगतो. 6 क्वार्टचा कुकर साधारण 250 वॅट. अमेरिकेतलं नेहमीचं सर्किट 15 अँपिअर, 120 व्होल्ट, म्हणजे 1800 वॅट, आणि तासन् तास चालवायचं तर 1440 च्या आत. पाच कुकर बसतात. त्याच सर्किटवर कोणी चहाचा मोठा अर्न लावला की सगळं बंद. बारीक वायरचं एक्स्टेंशन वापरू नका.

भारतात परत जाताना इथला कुकर बरोबर नेऊ नका. 230 व्होल्टला लावला तर जवळजवळ चौपट वॅट खेचतो, कॉइल जातेच. ट्रान्सफॉर्मरचं ओझं वाहण्यापेक्षा तिकडेच नवा घेतलेला बरा.

नवशिकी_पल्लवी

रात्री सगळं भरून भांडं फ्रिजमध्ये ठेवलं आणि सकाळी नुसतं चालू केलं तर चालेल का?

तर्रीबाज

नको, पल्लवी. गार चिनीमाती एकदम तापली की तडकते, आणि तडकली नाही तरी तेवढं थंड भांडं गरम व्हायलाच दोन तास खातं. मांस एका डब्यात, चिरलेल्या भाज्या दुसऱ्यात, परतलेला मसाला तिसऱ्यात ठेव. सकाळी भांड्यात रचून मसाला आणि पाणी कढत करून ओत, पहिला तास हायवर, मग लो. भांडं निम्म्याहून जास्त पण दोन तृतीयांशाच्या आत भर. टायमरने उशिरा सुरू करणार असशील तर दोन तासांहून जास्त उशीर नको, मांस तोवर ओट्यावर उघड्यासारखंच पडून असतं.